कुलसंमेलन: पुण्यातलं कार्यालय की कुलदैवताचं गाव?

यादी शे-सव्वाशेवर गेली की कुलमंडळाच्या बैठकीत पहिला वाद जागेचा. व्याडेश्वर ज्यांचं कुलदैवत, त्यांच्याकडे बहुधा दोनच पर्याय येतात: पुण्यातलं मंगल कार्यालय किंवा थेट गुहागर. दोन्हीकडे संमेलन भरवल्यावर बनलेलं हे मत आहे. प्रत्येक घराला लागू पडेलच असं नाही.

कार्यालयाच्या सोयींबद्दल वाद नाही. लिफ्ट असते, दवाखाना जवळ असतो, नोकरदारांची रजा मोडत नाही. अडचण आहे ती वेळेची. चाळीस कुटुंबं, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे परिचयाला कागदावर दोन तास लागतात. माइक हातात आल्यावर तीनाची पाच मिनिटं होतातच. कार्यालय सकाळी सात ते दुपारी चार मिळालं, तर नाश्ता साडेनऊपर्यंत चालतो. लघुरुद्र म्हणजे रुद्रपाठाची १२१ आवर्तनं. अकरा ब्राह्मण बसले तरी बारा वाजतात. दोन पंगती अडीचला उठतात. उरलेल्या दीड तासात ज्येष्ठांचा सत्कार, जमाखर्च आणि नवी कार्यकारिणी. मग परिचयाला कात्री लागते: 'नाव, गाव सांगा आणि बसा.' साडेतीनला मागच्या खुर्च्या उचलायला सुरुवात होते, कारण संध्याकाळच्या रिसेप्शनचे डेकोरेटर दारात उभे असतात. चुलत-चुलत भावंडं एकमेकांचं नावही नीट न कळता पार्किंगकडे वळतात. ज्यासाठी माणसं जमवायची, नेमकं तेच राहून जातं, आणि हे फार लागतं.

गुहागरला मुक्काम असतो, हाच सगळा फरक. लघुरुद्र देवळात चालू असताना बाकीचे ओसरीवर बसलेले असतात, परिचय रात्रीच्या जेवणानंतर निवांत होतो. वंशवृक्ष तिथे खरा कामाला येतो. तो फ्लेक्सवर छापू नये. फ्लेक्सवर पेन्सिल उठत नाही. साध्या मॅट कागदाच्या तीन फुटी पट्ट्या शाखेनुसार छापाव्यात, अक्षर लांबून वाचता येईल एवढं मोठं, आणि प्रत्येक पट्टीला दोऱ्याने पेन्सिल बांधावी. माहेरवाशिणींची सासरची नावं आणि मुलं यासाठी जागा कोरी सोडावी. कुलवृत्तान्तात सर्वांत जास्त गाळलेलं तेच असतं. सकाळपर्यंत पट्ट्या दुरुस्त्यांनी भरतात. एखादी आजी पेन्सिल घेऊन नातवाला 'ही माझी आत्ते, हिला मालवणला दिली होती' असं दाखवते, ते कार्यालयात घडायला वेळच नसतो.

गुहागरचे त्रास मात्र आधी मोजून ठेवावेत. चिपळूण स्टेशनपासून पंचेचाळीसेक किलोमीटर जायचं असतं, म्हणून गाडीच्या वेळेला मिनीबस ठरलेली हवी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख निदान चार महिने आधी सर्वांना कळवावी. नाताळ ते एक जानेवारी किनाऱ्यावर गर्दी, मे महिन्यात उकाडा आणि गाड्या भरलेल्या. जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा. भक्तनिवासात तळमजल्याच्या, कमोड असलेल्या खोल्या नेमक्या किती, हे फोनवर न विचारता एकाने जाऊन पाहावं आणि त्या सत्तरीपुढच्यांच्या नावाने लिहून टाकाव्यात. इन्सुलिनसाठी फ्रीज कुठे आहे, तेही तेव्हाच पाहावं.

खर्चात माझ्या अनुभवाने फारसा फरक पडत नाही. प्रवास वाढतो, हॉलचं भाडं वाचतं. ताटांचा अंदाज मात्र गुहागरला जास्त नेमका निघतो. आगाऊ वर्गणी भरून मुक्कामाला येणारा सहसा येतोच. पुण्यात 'जेवायला डोकावतो' म्हणणारे कधी वीस येतात, कधी एकही नाही, आणि कबूल केलेल्या ताटांचे पैसे तर द्यावेच लागतात.

यादी दोनशेपुढे असेल किंवा निम्मी मंडळी प्रवास न झेपणारी असतील, तर पुणेच घ्यावं. तेव्हा कार्यालय दोन्ही सत्रांचं घ्यावं, लघुरुद्र आदल्या दिवशी एखाद्या घरी उरकावा आणि परिचय नाश्त्यानंतर लगेच ठेवावा. त्याहून लहान यादीला गुहागर. आधी भक्तनिवासाच्या तारखा पक्क्या कराव्यात, पत्रिका त्यानंतर छापायला द्यावी.