काडाच्या गाठींचे वाफे: जून ते फेब्रुवारी, आमचा अनुभव

जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा मागे जेमतेम अर्धा गुंठा जागा उरली. वर बांधकामाचा चुरा, खाली मुरूम. तीन पावसाळ्यांत शेवगा आणि कढीपत्ता सोडून तिथे काही जगलं नाही. विटांचे वाफे बांधायचा विचार सोडून दिला, कारण आपल्याकडच्या ४२-४३ अंशांच्या उन्हात वीट तापते आणि कडेची मुळं भाजून निघतात. काडाच्या गाठी, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या वाळक्या ताटांचे दाबून बांधलेले गठ्ठे, भिंतीसारख्या रचायच्या, मध्ये माती भरायची आणि भिंतीतही रोपं लावायची, ही पर्माकल्चरवाल्यांची (निसर्गाच्या धर्तीवर शेती करणाऱ्यांची) पद्धत मनात बसली होती. मागच्या जूनमध्ये तसे दोन वाफे केले.

पहिला विरोध घरातूनच झाला. माझे सासरे, आप्पा, मंगळवेढ्याकडचे. बहात्तरचा दुष्काळ त्यांनी पाहिलाय. "जनावराच्या तोंडचा घास मातीत घालायचा नाही," एवढंच म्हणाले. मला ते पटलं आणि आजही पटतं. म्हणून कडब्याला हात लावायचा नाही हे आधी ठरलं. अवकाळी पावसात भिजून बुरशी धरलेल्या गव्हाच्या काडाच्या ८ गाठी मिळाल्या. त्या जनावरं तोंडात धरत नव्हती. उसाच्या पाचटाच्या (तोडणीनंतर उरलेल्या वाळक्या पाल्याच्या) ८ गाठी आणल्या, शेतकरी नाहीतरी ते पेटवूनच देणार होता. दोन्हीकडे गाडीभाडंच जास्त लागलं.

आमची गाठ साधारण ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि कोरडी असताना १५ किलोच्या आसपास. लांब बाजूंना तीन-तीन, आखूड बाजूंना एक-एक गाठ लावली की आत ६ बाय ३ फुटांचा वाफा तयार होतो. सुतळी जमिनीला टेकणार नाही अशी गाठ ठेवायची, नाहीतर ती आधी कुजते आणि भिंत सुटते. तळाला पुठ्ठे अंथरले होते. हरळी त्याखाली दबली, पण लव्हाळा पुठ्ठा फोडून वर आला. पुन्हा करताना लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी आधी खणून काढीन, मग त्यात आठवडा गेला तरी चालेल. आत तळ्यातली गाळाची माती आणि कुजलेलं शेणखत निम्मंनिम्मं भरलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताज्या गाठीत रोप लावलं तर ते पिवळं पडतं. काडात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी थोडं, त्यामुळे काड कुजवणारे जिवाणू आजूबाजूचं नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहतं. म्हणून आधी गाठी भिजवून, त्यांना नत्र देऊन आतून तापू द्यायच्या. गव्हाच्या गाठींना जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं द्रावण) आणि भिजवलेली शेंगदाणा पेंड दिली. पाचटासाठी आप्पांनी शेतातला हिशोब लावला: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर. आमचं पाचट १२० किलो, म्हणजे युरिया एक किलोला थोडा कमी. रासायनिक खत नको हा माझा हट्ट होता, पण पाचटापुरता मी तो सोडला आणि ते बरंच झालं.

चौथ्या दिवशी आप्पांनी गव्हाच्या गाठीत लोखंडी सळई खुपसली. दहा मिनिटांनी काढली तर हातात धरवेना. पुढे रोज सकाळी हेच. पंधरा-सोळा दिवसांनी सळई कोमट लागायला लागली तेव्हा रोपं लावली. पाचटाला पाच आठवडे लागले. त्याची पाती हात चिरते, मुलांना त्याच्या जवळ हातमोज्यांशिवाय जाऊ देऊ नका.

पाण्याचं नीट ऐका, कारण आपल्या गावात सगळं तिथेच अडतं. एकेक गाठ पूर्ण भिजायला २५-३० लिटर पाणी लागलं. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पहिलं भिजवणं जूनच्या पावसावर आणि पत्र्याखाली लावलेल्या पिंपांवर केलं. मेमध्ये हे करायला जाऊ नका. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली तेव्हा भिंतींचा वरचा थर दोन दिवसांत वाळला आणि तिथली मेथी गेली. त्यानंतर १६ मिमीची ठिबकची नळी भिंतीवरून फिरवली, वर गोणपाट टाकलं. एकदा आतला भाग कुजून काळा झाला की तो स्पंजासारखा ओल धरतो. दिवाळीनंतर मी दोन दिवसांआड पाणी देत होते. दिवाळीत मात्र तीन रात्री गोणपाट ओलं ठेवलं. कोरडं काड आणि फटाके, जिवाला घोर होता.

सप्टेंबरच्या मोठ्या पावसात गव्हाच्या वाफ्याची एक बाजू बसली. तुराट्यांचे खुंट रोवून आधार दिला. पाचटाच्या भिंती अजून ताठ आहेत. भिंतीतून गव्हाची कोवळी रोपं उगवली, मग एके सकाळी काळपट छत्र्या आल्या. त्या कुजण्याचीच खूण आहेत, पण मुलांना हात लावू नका म्हणून बजावलं.

उत्पन्न: आतल्या मातीत वांगी, घेवडा आणि गाजर उत्तम. भिंतीत दोडका आणि काकडी छान, टोमॅटोची सहा झाडं मिळून अठरा-वीस किलो. मिरची भिंतीत खुजीच राहिली, तिला गोमूत्राचं पाणी देऊनही फरक पडला नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीला वांगी, घेवडा, गाजर घरचं होतं, फक्त हरभरा आणि बोरं बाजारातून आणली. सासूबाईंनी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आलेल्या नणंदेला पहिली ताटली वाढली ती वाफा दाखवूनच.

जानेवारीपासून वाळवीचा त्रास सुरू झाला. ती कोरड्या कोपऱ्यांतच येते. तिथे पाणी पोचवलं आणि निंबोळी पेंड पेरली तेव्हा कमी झाली. घराच्या भिंतीपासून वाफा तीन-चार फूट लांब ठेवलात तर चौकटींची काळजी राहणार नाही. उंदरांनीही एक बीळ केलं होतं. फाटक मात्र बंद ठेवा, मोकाट गाईने एकदा टोमॅटोसकट अर्धा कोपरा ओढून काढला.

गव्हाच्या गाठी आता गाठी राहिलेल्या नाहीत. परवा कोपरा उकरला तर आत काळी, भुसभुशीत माती आणि गांडुळं, खालचा मुरूमही वीतभर मऊ झालेला. तो ढीग तिथेच पसरून त्यात उन्हाळ्यात भेंडी घ्यायची आहे. नव्या वाफ्यासाठी सगळं पाचटच घेणार. आप्पांनी स्वतःहून मोहोळच्या ओळखीच्या शेतकऱ्याला ऊस तुटायच्या आधीच सांगून ठेवलंय की पाचट पेटवू नका, आमच्या आठ गाठी बाजूला काढा.