सोलापुरात बोन स्कॅन करायचा असेल तर इथं करा, समजावून सांगतात

आईचा बोन स्कॅन इथं केला. ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट झालेली, नंतर कंबर दुखायला लागली, एक्स-रे नॉर्मल आला म्हणून घरात सगळे निर्धास्त, पण कॅन्सरच्या डॉक्टरांनी तरी स्कॅन करायलाच लावला. का ते इथं कळलं, हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के कॅल्शियम गेल्याशिवाय एक्स-रेत काही दिसतच नाही म्हणे. हे आधी कुणी सांगत नाही ओ, नॉर्मल म्हटलं की माणूस घरी जातो.

टेक्नेशियमचं, म्हणजे हाडात जाऊन बसणाऱ्या किरणोत्सारी औषधाचं, इंजेक्शन देऊन दोन-तीन तास थांबवतात, भरपूर पाणी प्यायला लावतात, मशीनवर घ्यायच्या आधी परत लघवीला पाठवतात नाहीतर मूत्राशयातल्या औषधामुळं कमरेखालचं नीट दिसत नाही. खाण्याचं पथ्य नव्हतं, आम्ही भाकरी नि शेंगाचटणी बांधून नेलेली. आईला सपाट झोपवत नव्हतं तर सिस्टरनी गुडघ्याखाली उशी दिली, घाई केली नाही. बाकडी मात्र लोखंडी, कंबर दुखणाऱ्या पेशंटला तिथं एवढा वेळ बसवणं बरोबर नाही, हे सुधाराच.

रिपोर्टमध्ये दोन्ही गुडघे आणि कमरेचा एक मणका काळा आला, आई घाबरूनच गेली. डॉक्टरांनी आम्हाला स्क्रीनपुढं बसवून सांगितलं की हा स्कॅन कॅन्सर दाखवत नाही, हाडात जिथं नवीन हाड बनायचं काम जोरात चालू आहे तेवढं दाखवतो, मग ती झीज असो, जुनं फ्रॅक्चर असो नाहीतर इन्फेक्शन. गुडघे दोन्हीकडं सारखेच, ती झीज. मणक्याचं मात्र यावरून सांगता येत नाही, एमआरआय करा, असं रिपोर्टातच लिहून दिलं. उलटंही होतं म्हणाले, मायलोमात, म्हणजे हाडातल्या मज्जेच्या एका कॅन्सरमध्ये, हाड नुसतं पोखरलं जातं, नवीन बनत नाही, तिथं हा स्कॅन कोरा येऊ शकतो.

एमआरआयत मणक्याच्या हाडातल्या मज्जेतच (बोन मॅरोत) डाग दिसला, बायोप्सीनं कॅन्सरच असल्याचं पक्कं झालं. मणका दबायच्या आत सापडलं, रेडिएशन चालू आहे.

जाताना जुने एक्स-रे घेऊन जा, कधी पडला असाल, हाड मोडलं असेल तर न विचारता सांगा, रिपोर्ट वाचताना त्याचाच उपयोग होतो. अक्कलकोट, बार्शीकडून येणाऱ्यांनी सकाळचाच नंबर घ्या, सगळा दिवस जातो. एक स्टार कमी केलाय तो बाकड्यांसाठी.