सीझन तिकीट रिन्यू करायच्या आधी विचार करा

सीट मस्त, स्टाफ चांगला, तरी एकच स्टार देतोय कारण मैदानावर आमच्या फुटबॉल क्लबचं जे चाललंय ते बघवत नाही. कोच डिफेन्स पार हाफवे लाइनपर्यंत वर चढवतो आणि पुढे प्रेसिंग (बॉल असलेल्या खेळाडूवर धावून जाऊन दबाव टाकणं) कोणीच करत नाही, मग समोरच्यांनी डिफेन्सच्या मागे एक लांब बॉल टाकला की गोल, दर मॅचला तेच!! मिडफिल्ड दमलेलं सगळ्यांना दिसतंय, 5 बदल करता येतात, तरी पहिला बदल 80व्या मिनिटाला. मालकाने तर आमचा एकमेव स्ट्रायकर विकला आणि त्याच्या जागी कोणालाच आणलं नाही, वर तिकीट वाढवलं. जर्मनीत 50+1 नियमामुळे क्लबमधल्या मतांचं बहुमत क्लबच्या मेंबर्सकडे राहतं, तसं आमच्याकडे हवं होतं. जीव तुटतो पण स्ट्रायकर येईपर्यंत मी रिन्यू करणार नाही.