गावभागातलं पडकं घर ‘आहे त्या स्थितीत’ विकलं: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सांगलीच्या गावभागात आमचं आजोबांच्या वेळचं घर. अकराशे चौरस फूट जागा, पुढं सोपा, मागं परसू, निम्म्यावर माळवद आणि उरलेल्यावर दोन खणांची माडी. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45 फूट), तेव्हा माजघरात छातीएवढं पाणी होतं. 2021 च्या जुलैत ते परत आलं आणि तेव्हापासून घराला कुलूप लागलं ते लागलंच. मी पुण्यात, ताई इचलकरंजीला. गेल्या वर्षी जूनमध्ये एकही वीट न हलवता ते घर आम्ही जुनी घरं घेऊन दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना विकलं. नात्यातले तिघे-चौघे ‘असं करावं का’ म्हणून विचारून गेलेत, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

आधी दुरुस्त करून विकायचंच ठरवलं होतं. तीन मिस्त्री आणून दाखवले. तिघांचे आकडे आठ लाखांपासून चौदा लाखांपर्यंत, आणि तिघांचं शेवटचं वाक्य एकच, ‘उकरल्यावर कळंल.’ ते खोटं बोलत नव्हते. 2019 च्या पुरानंतर घाईघाईत आम्हीच खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता. पांढऱ्या मातीच्या भिंती त्या. सिमेंटनं ओल आत कोंडली, ती बाहेर पडायला वाट नाही म्हणून वर वर चढत गेली आणि दोन वर्षांत लोणा (भिंतीतून फुटणारा खार) कमरेवरून खांद्यापर्यंत आला. हात लावला की पोपडे पडायचे, मागची माती ओलीच्या ओली. पदरचे साठ हजार घालून घर खराब केलं म्हणायचं. पुण्यात बसून, दर शनिवारी गाडी काढून असल्या घराची दुरुस्ती करून घेणं मला जमणार नव्हतं. हे मान्य करायलाच वर्ष गेलं.

एजंटनं पाच-सहा गिऱ्हाइकं आणली. बहुतेकांनी दारातूनच विचारलं, ‘पाणी कुठपर्यंत येतं?’ माजघरात दोन रेघा आहेत. 2005 ची वडिलांनी पेन्सिलीनं मारलेली, आणि तिच्या वर 2019 ची, जी गाळानंच उमटवली. एजंट म्हणाला, ‘साहेब, एक हात चुन्याचा मारून घ्या, दोन लाख जास्त येतील.’ मी नाही मारला. सज्जनपणा म्हणून नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा, त्याच्या कलम 55 प्रमाणे घेणाऱ्याला साध्या नजरेनं न दिसणारा आणि विकणाऱ्याला माहीत असलेला मोठा दोष सांगावा लागतो. ‘आहे त्या स्थितीत’ असं खरेदीखतात लिहिलं म्हणून दडवलेलं माफ होत नाही.

ज्यांनी घेतलं ते आले तेव्हा रेघांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्या मुठीनं सोप्यातल्या तुळया एकेक ठोकत गेले. टणक आवाज आला की पुढं, पोकळ आला की टोक खुपसून बघायचं. अकरा तुळयांपैकी दोनच वाळवीनं खाल्लेल्या निघाल्या. मग माळवदावर जाऊन टाचेनं माती दाबली, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जातं ते घड्याळ लावून बघितलं. चाळीस मिनिटांत खाली उतरून म्हणाले, ‘दादा, मी अठ्ठावीस देतो. घरातल्या सामानासकट, झाडलोटही करू नका.’

घासाघीस मला जमत नाही. इथं कामाला आला आमचा सीए. त्यानं सरकारी मूल्यांकन काढलं, 33 लाख 20 हजार. एप्रिलमध्ये रेडी रेकनरचे (सरकारनं ठरवलेले जागेचे) दर वाढल्यामुळं तो आकडा आणखी चढला होता. बांधकाम जुनं म्हणून त्यात घसारा मिळतो, पण पुराचं पाणी आलं, भिंत फुगली, याचं त्या तक्त्याला सोयरसुतक नसतं. आणि प्राप्तिकराच्या तेव्हाच्या, 1961 च्या कायद्यातलं कलम 50सी असं, की मूल्यांकन विक्रीच्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं, तर विक्री मूल्यांकनाच्याच किमतीला झाली असं धरून कर लावतात. म्हणजे तीस लाख अठरा हजारांच्या खाली गेलो, की हातात न आलेल्या पैशावर कर. मी हा हिशोब कागदावर मांडून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, चहा मागवला आणि साडेएकतीसला ‘हो’ म्हणाले. पडक्या घराचा भाव पाडून मागतात, तेव्हा हा आकडा आधीच काढून ठेवलेला बरा.

आता खरा त्रास. भिंती आहे त्या स्थितीत विकता येतात, कागद नाही. आमची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आजोबांच्याच नावावर होती. वारस म्हणजे वडील आणि आत्या. दोघंही गेलेले. वडिलांच्या मागं आई नाही, आम्ही दोघं. आत्याची दोन मुलं, एक विट्याला, एक नवी मुंबईला. दोघंही फोनवर म्हणाले, ‘आईचं माहेर ते, आम्हाला काय करायचंय त्याचं? सांग तिथं सही करतो.’ मन मोठं, पण सही करायला यायला साडेचार महिने. एकदा लग्न, एकदा ऊसतोड, एकदा रजा नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, म्हणजे दोघांना दुय्यम निबंधकांपुढं येऊन अंगठा आणि फोटो देणं भाग होतं. ते झाल्यावर सिटी सर्व्हेच्या कार्यालयात वारसनोंद आणि हक्कसोडीची नोंद. तिथल्या खेपा मोजायच्या मी अकराव्या खेपेला थांबवल्या. गिऱ्हाईक मिळाल्यापासून खरेदीखत व्हायला फक्त सहा आठवडे लागले. त्याआधी कागद सरळ करायला सात महिने गेले होते.

सर्च रिपोर्ट, जाहीर नोटीस, तीन लाखांचा विसार हे सगळं रीतसर झालं. सगळा व्यवहार बँकेतून. ‘पाच लाख रोख घ्या’ असा एक पर्याय मधल्यानं सुचवला होता, पण स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली की तेवढाच दंड बसतो, म्हणून तो विषय तिथंच संपवला. खरेदी त्यांनी पत्नीच्या नावानं केली, मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो.

कर किती बसला, हे सगळेच विचारतात. वडिलोपार्जित घर असल्यानं 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककानं ती सात लाख काढली. प्राप्तिकराच्या महागाई निर्देशांकानुसार ती 26 लाख 32 हजार होते (2025-26 चा आकडा 376). नफा राहिला 5 लाख 18 हजार, त्यावर 20 टक्के म्हणजे एक लाख साडेतीन हजारांच्या आसपास, सेस वेगळा, आणि तो आम्हा दोघांत निम्मा-निम्मा. नव्या साडेबारा टक्क्यांनी, निर्देशांकाशिवाय, तीन लाखांच्या वर गेला असता. घर 23 जुलै 2024 च्या आधीचं असलं, तर दोन्हींपैकी कमी बसेल तो कर भरता येतो. हे ज्याला माहीत नाही त्याचे पैसे जातात.

विकल्यानंतरच्या नऊ महिन्यांत काय झालं? पहिली चूक माझी. विजेचं मीटर वडिलांच्या नावावरच राहिलं. पावसाळा सरल्यावर काम सुरू झालं, कटर आणि मिक्सर आमच्याच मीटरवर चालले आणि दिवाळीत माझ्या मोबाईलवर सहा हजार आठशेच्या बिलाचा मेसेज. त्यांनी ते लगेच भरलं, वाद नाही घातला, पण नाव बदलायचा अर्ज खरेदीखताच्या दिवशीच करायला हवा होता. पाण्याचं कनेक्शन मात्र तेव्हाच बदललं होतं, ते ताईला सुचलं म्हणून.

दुसरं, सामाईक भिंत. आमच्या बाजूचा सिमेंटचा गिलावा काढल्यावर शेजारच्यांच्या देवघराचा कोपरा ढासळला. काकांचा फोन मला, ‘तुझ्या घरानं आमचे देव उघड्यावर आणले बघ.’ घर माझं राहिलं नव्हतं, पण काकांना ते कसं सांगणार? मी खरेदीदारांना फोन केला. त्यांनी आठ दिवसांत चुन्यात बांधून दिलं. विसारपावतीत सामाईक भिंतीचा उल्लेख होता, म्हणून झालं. नसता तर काका आजही माझ्याशी बोलले नसते.

ताईचा हिशोब वेगळा आहे. खरेदीदार त्या घराचा भाव आता 46 लाख सांगतात, हे तिला कळलं, आणि ‘पंधरा लाख सोडलेस’ हे ती मला संक्रांतीला ऐकवून गेली. मी खरेदीदारांकडूनच खर्च विचारून घेतला होता. आमचे साडेएकतीस, मुद्रांक आणि नोंदणीचे दोनच्या आसपास, दुरुस्तीचे नऊ. साडेबेचाळीस होतात. वर त्यांचं कर्जाचं व्याज. आणि मार्च उजाडला तरी घर विकलेलं नाही, कारण येणारा प्रत्येकजण दारातूनच विचारतो, पाणी कुठपर्यंत येतं.

मला बोचतं ते दुसरंच. पाडलेल्या बाजूच्या चार तुळया त्यांनी विकल्या, जुना सागवान घनफुटावर जातो. नेमके किती आले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी त्या घराकडं चार वर्षं मोडकळीला आलेलं घर म्हणून बघत होतो. एखाद्या सुताराला पाचशे रुपये देऊन लाकूड मोजून घेतलं असतं, तर साडेएकतीसच्या जागी तेहेतीस मागायला तोंड फुटलं असतं. पाचपैकी साडेतीन गुण देतो ‘आहे त्या स्थितीत’ विकायच्या या पद्धतीला. कापलेला दीड त्या खरेदीदारांचा नव्हे, माझाच.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, मागं काहीतरी पडल्याचा आवाज येत होता. ‘दादा, पोराची पहार आत गेली, पाक मुठीपर्यंत. इथं जुना शोषखड्डा होता काय?’

होता. सांगायचा राहिला होता. तुळशीकट्ट्यापासून उत्तरेला तीन फुटांवर, वर शहाबादी फरशी.