रिकॉलमध्ये बदललेला टाकीतला पेट्रोल पंप: सेकंडहँड गाडीचा सात-आठ महिन्यांचा अनुभव

रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनीने दोषामुळे गाड्या परत बोलावून केलेल्या दुरुस्तीत, माझ्या गाडीचा टाकीतला पेट्रोल पंप बदलून मिळाला, त्याला आता सात-आठ महिने होत आले. मधे अख्खा उन्हाळा गेला, तोही परभणीचा. उन्हाळा निघाल्याशिवाय या दुरुस्तीबद्दल काही बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून आत्ता लिहितोय. दुरुस्ती चोख झाली, खिशातून एक रुपया गेला नाही आणि तेव्हापासून गाडी रस्त्यात बंद पडलेली नाही. तक्रार आहे ती वेगळीच. हीच दुरुस्ती माझ्या गाडीला कितीतरी आधी मिळायला हवी होती, आणि आपल्या भागातल्या कित्येक गाड्यांना ती अजूनही मिळालेली नसणार.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१९ ची, पुणे पासिंग. मी तिचा दुसरा मालक. सेलूत माझं कृषी केंद्र आहे. मालासाठी परभणी, बाजारासाठी जालना, आईला दवाखान्यात दाखवायला संभाजीनगर, असा तिचा वापर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा पार्ट एका कंपनीपुरता नाही. होंडाने भारतात एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्या पेट्रोल पंपासाठीच परत बोलावल्या. मारुतीने जुलै २०२० मध्ये वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या, आणि मार्च २०२४ मध्ये त्याच दोन मॉडेलच्या आणखी १६,०४१.

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे कोणाला आपल्या गाडीत ओळखू येतील. सकाळी गार असताना गाडी पहिल्या सेल्फला चालू. दुपारी उन्हात तासभर उभी केली की सेल्फ नुसता फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक. ओव्हरटेकला पाय दाबला की मधेच पिकअप तुटायचा. मागच्या सीटखालून बारीक गुणगुण यायची, ती टाकी रिकामी होत आली की वाढायची. आमच्या मिस्त्रींनी प्लग पाहिले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल साफ केला. त्यांनी केलं ते बरोबरच होतं, या लक्षणांना कोणीही तिथूनच सुरुवात करील. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी वाटूर फाट्याच्या अलीकडे ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी चालत्यातच बंद झाली. आई मागे बसलेली होती.

चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की नेमकं काय होतं हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन गेलं की त्यात साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळाच नेहमीसारखा ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. ब्रेक तरीही लागतो, पण पूर्ण ताकद लावावी लागते. म्हणून अशा वेळी ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा. स्टिअरिंगही जड होऊ शकतं. चावी मात्र फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. मागची गाडी लांब होती आणि कडेची साइडपट्टी भरलेली होती, म्हणून आम्ही सुखरूप उतरलो.

पंपातला दोष समजून घेतला तेव्हा सगळी लक्षणं जुळली. आजच्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्यात एक छोटी प्लॅस्टिकची चकती भरभर फिरते, तिला इम्पेलर म्हणतात, आणि ती पेट्रोल ढकलून इंजिनकडे पाठवते. जगभर गाजलेला दोष जपानच्या डेन्सो कंपनीच्या पंपांतला. त्यातल्या काही इम्पेलरचं प्लॅस्टिक कमी घनतेचं निघालं. असं प्लॅस्टिक पेट्रोल शोषून फुगतं. चकती आणि तिच्या घरातली फट केसाएवढी असते, त्यामुळे थोडी फुगली तरी ती घासते, प्रवाह कमी होतो आणि शेवटी पंप अडकतो. इंजिनला पेट्रोलच मिळालं नाही तर ते बंद पडणारच. आता आपल्याकडचं बघा. पंप गार राहतो तो भोवतालच्या पेट्रोलमुळे. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, टाकी तळाला गेलेली, एसी चालू, खालून डांबराची धग. पंपाला याहून वाईट दिवस नाहीत. दोन-दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून गाडी चालवायची आपल्याकडची सवय पंपाला फार महागात पडते. दोष नसलेल्या पंपालाही.

रिकॉल लागू आहे हे मला कोणी कळवलं नाही. विम्याचं नूतनीकरण करताना आरसी हातात होती, त्यावरून चेसी नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर ही सोय असते. लगेच उत्तर आलं: गाडी या मोहिमेत आहे, दुरुस्ती बाकी आहे. चेसी नंबर सतरा अक्षरी असतो, आणि त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात. गोल दिसलं की ते शून्यच, उभी रेघ दिसली की तो एकच. हे सांगतोय कारण आमच्या दाजींनी शून्याच्या जागी ओ टाकला, उत्तर उलटं आलं, आणि ते निर्धास्त झाले होते.

रिकॉल हा शब्द ऐकला की आपल्याकडे पहिला प्रश्न पैशाचा. मिस्त्री म्हणाले, "मालक, कंपनी कामून फुकट करील हो, काही ना काही बिल लावतेलच." परभणीच्या वर्कशॉपला फोन केला. चेसी नंबर घेतला, मोहिमेत नाव आहे म्हणाले, पार्ट मागवावा लागेल, आला की कळवतो. आठवडाभरात फोन आला. येताना टाकी फुल्ल करू नका असं मुद्दाम बजावलं, आणि ते योग्यच. टाकी वरून उघडायची असते, भरलेली असली तर पेट्रोल सांडतं.

काम होताना मी तिथंच थांबलो. आधी स्कॅनर लावून गाडीत साठलेले दोषाचे कोड वाचले. मग पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू ठेवलं, ते आपोआप बंद पडेपर्यंत. यामुळे पाइपातला दाब उतरतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. मागच्या सीटची गादी उचलली, खालचं झाकण काढलं. तिथं धूळ इतकी साचली होती की आधी हवा मारून व्हॅक्यूमने साफ करावी लागली. हे करणारा पोरगा नीट होता. टाकीत मातीचा कण पडला तर नव्या पंपाची जाळी तुंबते. मग खास पान्याने टाकीवरची मोठी रिंग फिरवून सोडली आणि पंपाचा सगळा संच तिरका करून बाहेर घेतला, कारण पेट्रोलचा काटा दाखवणारा फ्लोट त्यालाच असतो आणि तो वाकला तर काटा कायमचा चुकतो. नवीन संच, नवं रबरी गॅस्केट, रिंग ठरलेल्या ताकदीने आवळलेली. चालू करून गळती पाहिली, राउंड मारली. दोन तासांच्या आत काम झालं.

जुना पंप मागितला तर मिळाला नाही. रिकॉलमधले जुने पार्ट कंपनीकडे परत जातात, तो नियम मला पटतो. तोच पार्ट उद्या कोणाच्या गाडीत बसायला नको. बिल शून्य रुपयांचं. ते मात्र मागूनच घ्यावं लागलं, आणि तुम्हीही घ्याच. त्यावर चेसी नंबर, मोहिमेचा उल्लेख आणि पार्टचा नंबर हवा. गाडी विकताना हा कागद उपयोगी पडतो. एक गोष्ट खटकली. आत घेताना सल्लागाराने "सोबत इंजिन क्लीनिंग करून घ्या, हेही पंपाशी संबंधित आहे" म्हणून हजारभराचं काम सुचवलं. ते पंपाशी संबंधित नव्हतं. मी नको म्हटलं, त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पण रिकॉलला आलेल्या माणसाला अशा कामाची गळ घालू नये, एवढं मनापासून वाटतं. माणूस आधीच धास्तावलेला असतो, तो हो म्हणतो.

आता वापराचं. उन्हात उभी केलेली गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. मे महिन्यात जालन्याच्या मोंढ्यात भर दुपारी उभी करून पाहिली, तरी तेच. पिकअप तुटणं पूर्ण थांबलं. मागची गुणगुण गेली, अगदी शांतता असेल तर चावी फिरवल्यावर क्षणभर पंपाचा आवाज येतो, तो प्रत्येक गाडीत येतो. समृद्धीवर लांब पल्ल्याला एका वेगात चालवून पाहिली, कुठेही दम खाल्ला नाही. ॲव्हरेजमध्ये फरक नाही. कोणी सांगेल पंप बदलला की ॲव्हरेज वाढतं, तसं काही नसतं. पहिले काही दिवस पेट्रोलचा काटा हळू सरकतो असं वाटलं, ते आपोआप बसलं. मी आता टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देत नाही.

सगळे रिकॉल सारखे तातडीचे नसतात, हेही समजून घेतलं पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या आणि पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असं सांगितलं. सप्टेंबर २०२१ मधल्या मारुतीच्याच १,८१,७५४ गाड्यांच्या रिकॉलमध्ये वीज तयार करणाऱ्या मोटर जनरेटर युनिटचा प्रश्न होता, तिथं सूचना होती ती साचलेल्या पाण्यातून गाडी न नेण्याची आणि इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाणी न मारण्याची. ओढ्याला पूर आला की पुलावरून गाडी घालणाऱ्या आपल्या लोकांनी ही दुसरी सूचना घरोघरी वाचायला हवी होती.

आता माझी खरी तक्रार. रिकॉल चेसी नंबरावर असतो, मालकाच्या नावावर नाही. पण निरोप जातो तो कंपनीकडे नोंदवलेल्या मोबाइलवर, म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या मालकाला. मराठवाड्यात सेकंडहँड गाड्या मोठ्या प्रमाणात पुण्या-मुंबईकडून येतात. वॉरंटी संपली की गाडी मिस्त्रींकडे जाते, कंपनीच्या वर्कशॉपचं तोंड पुन्हा पाहत नाही. त्यात काही वावगं नाही, आमचे मिस्त्री हुशार आहेत. पण कंपनीच्या संगणकात ही गाडी अजून पुण्याच्या पहिल्या मालकाचीच राहते. निरोप त्याला जातो, आणि इकडे वाटूर फाट्यावर गाडी बंद पडते.

कायदा यात कमी पडत नाही, पोहोच कमी पडते. भारतात २०१२ पासून सियाम या उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची पद्धत होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी सरकारला सक्तीने रिकॉल लावता येतो. नियमांत दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल काढला तर दंड नाही, ही तरतूद मला आवडली. दोष लपवण्याऐवजी सांगण्यात कंपनीचा फायदा आहे. म्हणून कोणी "त्या कंपनीच्या गाड्या सारख्या परत बोलावतात" असं म्हणालं की मी वाद घालतो. ज्या कंपनीने आकडा जाहीर करून बोलावलं तिच्यावर माझा विश्वास वाढतो. दोषाची तक्रार मालकालाही सरकारच्या वाहन पोर्टलवर करता येते.

गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० भरतो, तेव्हा चलन, टॅक्स, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा, सगळं तपासलं जातं. त्याच ठिकाणी एक ओळ वाढवायला काय हरकत आहे: या चेसी नंबरावर रिकॉलची दुरुस्ती बाकी आहे की नाही. नवा मालक आणि त्याचा मोबाइल नंबर दोन्ही त्या क्षणी सरकारकडे असतात. हे जोवर होत नाही तोवर गाडी घेताना सौद्याआधी चेसी नंबर आपणच तपासावा. एजंट टाळाटाळ करायला लागला तर मी तो सौदा पुढे नेणार नाही.

माझ्या दुकानात येणाऱ्यांना आता मी आरसी काढायला लावतो. नंबर टाकायला दोन मिनिटं लागतात. बहुतेकांचं काही निघत नाही. दाजींचा नंबर नीट टाकला तर दुरुस्ती बाकी निघाली, त्यांचा पार्ट जालन्याच्या वर्कशॉपने मागवलाय. तो येईपर्यंत टाकी अर्ध्याच्या वर ठेवा आणि ताईला घेऊन लांब जाऊ नका, एवढं त्यांना सांगितलंय.