उस्मानी, सफवी की मुघल? धर्म आणि सत्ता यांच्या अभ्यासासाठी साम्राज्य निवडताना

पदव्युत्तर प्रबंधासाठी सोळाव्या-सतराव्या शतकांतील मुस्लिम साम्राज्यांपैकी एकाची निवड करायची असेल, तर ‘कोणता बादशहा सहिष्णू आणि कोणता कट्टर’ हा प्रश्न बाजूला ठेवावा, कारण त्यातून राज्यकर्त्यांच्या स्वभावापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. उलेमांच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र्यांच्या, उपजीविकेची सोय कोण करत होते आणि ते राजाला नकार देऊ शकत होते का, हे विचारले तर तिन्ही साम्राज्यांतील फरक लवकर उघड होतो.

उस्मानी (ऑटोमन तुर्की) साम्राज्यात या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सुस्पष्ट आहे. तेथे मदरशांची श्रेणीबद्ध उतरंड होती, तिच्यातूनच काझी (न्यायाधीश) आणि मुफ्ती (फतवे देणारे शास्त्री) घडत, आणि सर्वांच्या वर इस्तंबूलचा शेखुलइस्लाम असे. या पदावर 1545 ते 1574 अशी सुमारे तीन दशके असलेल्या एबुस्सुऊद एफेंदी यांनी सुलतानाचे कानून (राजाज्ञेने केलेले कायदे) आणि शरियत यांची सांगड घातली, आणि रोख रकमेच्या वक्फालाही (धर्मादाय निधीलाही) त्यांनी मान्यता दिली. मात्र उलेमा शासनाच्या चौकटीत होते म्हणून ते निष्प्रभ होते, असे समजणे चुकीचे ठरेल. 1634 मध्ये चौथ्या मुरादने शेखुलइस्लाम आहीझादे हुसेन यांना ठार मारवले, तर अवघ्या चौदा वर्षांनी, 1648 मध्ये, मुरादचाच भाऊ सुलतान इब्राहिम याला पदच्युत करताना शेखुलइस्लामाच्या फतव्याचा आधार घेण्यात आला. संस्था, नेमणुका आणि कायदा यांत रस असेल, तर हेच साम्राज्य निवडावे. काझींच्या न्यायालयांच्या नोंदवह्या मोठ्या प्रमाणावर टिकून असल्याने सामान्य माणसाच्या तक्रारीपर्यंत पोहोचता येते. अडचण भाषेची आहे, कारण अरबी लिपीतील उस्मानी तुर्की शिकण्यात बराच काळ खर्च होतो.

इराणच्या सफवी साम्राज्याची गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या मते तिघांत विचाराला सर्वाधिक खाद्य तेच देते. 1501 मध्ये तब्रीझ घेतलेल्या, जेमतेम चौदा वर्षांच्या शाह इस्माईलने बारा इमामांचा शिया पंथ हा राज्याचा धर्म म्हणून जाहीर केला, तेव्हा प्रजेतील बहुसंख्य लोक सुन्नी होते आणि इस्माईलच्या पाठीशी उभे असलेले किझिलबाश (सफवींचे तुर्कमेन अनुयायी) योद्धे त्याला जवळजवळ दैवी मानत. 1514 मध्ये चाल्दिरान येथे उस्मानी सैन्याने केलेल्या पराभवाने त्या अजिंक्यपणाला तडा गेला. नवा पंथ शिकवण्यासाठी शास्त्री मात्र बाहेरून आणावे लागले, आणि त्यांत आजच्या लेबनॉनमधील जबल आमिल येथून आलेले अली अल-करकी प्रमुख होते. खरा पेच येथे सुरू होतो. शिया मतानुसार खरा अधिकार ज्याचा, तो बारावा इमाम अदृश्य असताना शाहाने वसूल केलेल्या महसुलातून शास्त्र्याने वृत्ती (निर्वाहवेतन) स्वीकारावी का? अल-करकी यांनी ती स्वीकारली आणि तिच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. इब्राहिम अल-कतीफी यांनी त्याचे खंडन केले. पुढे शाह तहमास्पने 1533 च्या फर्मानाने अल-करकी यांना इमामाचे प्रतिनिधी म्हणून गौरवले, म्हणजेच राजानेच आपल्याहून वरचढ ठरू शकणाऱ्या अधिकाराला राजमुद्रा दिली. त्याचा परिणाम 1722 नंतर दिसला. अफगाणांनी इस्फहान घेतले आणि घराणे कोसळले, तरी शिया उलेमांची परंपरा, विशेषतः इराकमधील तीर्थनगरांत, टिकून राहिली.

मुघलांबद्दल आपल्याकडे इतके लिहिले जाते की थोडक्यात सांगितलेले पुरे. बहुसंख्य प्रजा बिगर-मुस्लिम असल्याने येथे जिझियाचा प्रश्न थेट राजकीय होता: अकबराने तो 1564 मध्ये उठवला, औरंगजेबाने 1679 मध्ये पुन्हा लावला. उलेमांना मदद-ए-मआशच्या (निर्वाहासाठी इनाम दिलेल्या) जमिनी मिळत, त्यांवर सद्राची, म्हणजे धर्मादाय खात्याच्या प्रमुखाची, देखरेख असे, पण उस्मानी धर्तीची भक्कम उतरंड येथे उभी राहिली नाही. म्हणूनच 1579 च्या महजराने (उलेमांच्या सह्यांच्या जाहीरनाम्याने), शास्त्र्यांमध्ये मतभेद असल्यास निर्णय निवडण्याचा अधिकार अकबराला स्वतःकडे घेता आला. नकाराची उदाहरणे येथेही आहेत. शाहजहान जिवंत असताना औरंगजेबाच्या नावाने खुत्बा (शुक्रवारच्या नमाजाचे प्रवचन, ज्यात राज्यकर्त्याचे नाव घेतले जाई) वाचण्यास प्रमुख काझीने हरकत घेतली, तेव्हा अब्दुल वहाब यांनी अनुकूल मत दिले आणि ते पद मिळवले. त्यांच्याच मुलाने पुढे विजापूर-गोवळकोंड्याच्या स्वारीला धर्माचा आधार देण्याचे नाकारून पद सोडले. भाषांतरित साधने हाताशी असल्याने लवकर पूर्ण होणाऱ्या प्रबंधासाठी हा विषय सोयीचा आहे, परंतु अकबराच्या दरबारातील अबुल फझल आणि बदायूनी या इतिहासकारांच्या परस्परविरोधी वृत्तांतांभोवती इतकी चर्चा झाली आहे की नवे काही सांगणे अवघड जाते.

वेळ एकाच वर्षाचा असेल तर मुघल, तुर्की शिकण्याची तयारी असेल तर उस्मानी. फारसी शिकण्याची तयारी असलेल्या मराठी विद्यार्थ्याने मात्र सफवी साम्राज्य घ्यावे, आणि त्याच्या जोडीला दख्खन. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने इराणहून आलेल्या शाह ताहिर यांच्या प्रभावाने 1537 मध्ये शिया पंथ स्वीकारला, आणि गोवळकोंड्याच्या खुत्ब्यात सफवी शाहाचे नाव घेतले जाई, ते 1636 मध्ये शाहजहानने बंद करायला लावले. एका खुत्ब्यावरून दोन साम्राज्यांची ओढाताण चाललेली असे, आणि ती अभ्यासण्यासाठी फारसी ही एक भाषा प्रारंभी पुरेशी आहे.