पपायरस म्हणून हाती पडलं केळीचं सोपट

मी रावेर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. इजिप्तच्या चित्रांत चेहरा बाजूने आणि डोळा, खांदे मात्र समोरून कसे, हे 19 वर्षं फळ्यावर खडूने काढून दाखवत आले. गेल्या फेब्रुवारीत सहलीबरोबर तिथे गेले, तेव्हा मुलांसाठी एकच वस्तू आणायची ठरवलं होतं, खऱ्या पपायरसवरचं, म्हणजे तिथल्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचं चित्र. नेमकी तिथेच फसले. पैसे गेलेच, पण खोटी वस्तू खरी म्हणून वर्गात दाखवली याचा त्रास अजून होतो.

दोनच दिवसांपूर्वी कर्नाकचं देऊळ पाहिलं होतं. तिथल्या मोठ्या सभामंडपात 134 खांब आहेत. मधले 12 सुमारे 21 मीटर उंच, माथ्यावर उमललेला पपायरस; बाकीचे 122 मिटलेल्या कळीचे. नाईलकाठच्या एका लव्हाळ्याची ही दगडी राई डोळ्यांत घेऊनच मी गिझाला पोचले. पिरॅमिड पाहून झाल्यावर गाईडने आम्हाला एका दुकानात नेलं. पाटीवर ‘म्युझियम’ लिहिलेलं. ‘सरकारमान्य आहे, बाहेर कुठे घेऊ नका,’ असं त्याने दोनदा बजावलं.

आत आधी जास्वंदीचा लाल चहा दिला आणि मग प्रात्यक्षिक. एका मुलाने पपायरसचा हिरवा, तिधारी देठ कापला, साल काढली, आतल्या गराच्या पातळ पट्ट्या केल्या. त्या लाटण्याने दाबल्या, आडव्या-उभ्या मांडल्या आणि दाबयंत्रात घातल्या. मग तयार कागद पाण्यात बुडवला, चुरगळला, पुन्हा सपाट केला. चीर नाही की काही नाही. एक सुकलेली पट्टी त्याने माझ्या हातावर ठेवली, ती मी डायरीत जपून ठेवली. हे सगळं अगदी खरं होतं. म्हणूनच पुढचं कळलं नाही.

मी निवडलं हृदयाच्या तुळेचं, म्हणजे मेल्यानंतरच्या न्यायाचं चित्र. सुमारे 3300 वर्षांपूर्वीच्या हुनेफर नावाच्या लेखनिकाच्या पपायरसवर ते आहे, मूळ प्रत ब्रिटिश म्युझियममध्ये. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस, शेजारी मगरीच्या तोंडाची अम्मित राक्षसीण टपून बसलेली. 120 डॉलर सांगितले, घासाघीस करून 70 ला दिलं. भिंतीवरचं चित्र त्यांनी काढलं, ‘पॅक करून आणतो’ म्हणत आत नेलं आणि बंद नळकांडं हातात दिलं. सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. नळकांडं उघडून बघायचं मला सुचलं नाही. बस थांबली होती, गाईड घाई करत होता.

वर्गात उघडलं तेव्हा गुंडाळी उलगडतानाच कडेला कडकन चीर गेली. दुकानात पाहिलं होतं तसं मुलांना दाखवावं म्हणून एक कोपरा पाण्यात धरला, तर सोनेरी रंग बोटांना लागला आणि कोपऱ्याचा लगदा झाला. मग खिडकीपाशी उजेडात धरलं. आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी दिसायला हवी होती. दिसल्या त्या एकाच दिशेने गेलेल्या शिरा. ज्याच्या घरची केळीची बाग आहे असा सातवीतला एक मुलगा पुढे आला, हात लावून म्हणाला, ‘मॅडम, हे तर केळीचं सोपट आहे.’ मोबाईलने मोठं करून पाहिलं तर रंगात ब्रशचा फटकारा कुठेच नव्हता, सगळी छपाई. चित्रलिपीचा एकच उभा स्तंभ चार वेळा छापलेला.

सहल कंपनीला कळवलं. खरेदीची जबाबदारी प्रवाशाची, असं उत्तर आलं.

घेणाऱ्यांनी एवढं कराच. पैसे देण्याआधी तोच कागद उजेडात धरायला लावा, तोच सैलसर गुंडाळून बघा, आणि तुमच्या डोळ्यांसमोर नळकांड्यात घालायला सांगा. मागच्या खोलीत जाऊ देऊ नका. ‘थडग्यातला जुना तुकडा आहे’ असं कुणी कानात सांगितलं तर तिथून निघाच. इजिप्तच्या 1983 च्या कायद्याने पुराणवस्तूंच्या खरेदी-विक्रीला आणि देशाबाहेर नेण्याला बंदी आहे, खोटा निघाला तर पैसे जातील आणि खरा निघाला तर अटक होईल.

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई डिसेंबरमध्ये इजिप्तला निघाल्या आहेत. डायरीतली ती सुकलेली पट्टी मी त्यांच्या पर्समध्ये ठेवून दिली आहे, दुकानात शेजारी धरून बघायला.